खडूची तिसरी खूण

"सासऱ्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावलेला नाही," सून म्हणाली. बसा म्हटलं तरी ती बसली नाही. "आज चार वाजता त्यांना संस्थेतून काढणार आहेत. काच कोणी फोडली ते मला त्याच्या आत कळायला हवं."

मावशीने चष्मा पदराला पुसला. "कसली काच?"

"लढाऊ विमानाची."

कोपऱ्यात फायली लावणाऱ्या भाचीने मान वर केली. मावशीच्या हेरगिरीच्या या दोन खोल्यांत पळालेले नवरे येत, खोट्या सह्या येत. विमान पहिल्यांदाच आलं होतं.

हकिगत साधी होती. शहराबाहेरच्या एका शेडमध्ये सेवेतून काढलेलं एक जेट उभं होतं. हौशी मंडळींच्या संस्थेने ते भंगारवाल्याच्या तोंडातून सोडवून आणलं आणि बारा वर्षं जपलं. सुनेचे सासरे तिथले मिस्त्री. हवाई दलात असताना त्यांची निम्मी हयात याच विमानाखाली गेली होती. मंगळवारी एका संग्रहालयाची माणसं विमान तिकडे न्यायचं म्हणून पाहायला आली. कापडी खोळ काढली, तर वैमानिकाच्या डोक्यावरची काच तडकलेली. तशी काच आता कुठेच बनत नाही. पाहुणे आल्या पावली परत गेले. सोमवारी शेडमध्ये मिस्त्री एकटेच काम करत होते, एवढ्यावर निकाल लागला.

"त्याआधी?"

"गुरुवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रविवार संपेपर्यंत घराबाहेर पाऊल नाही. डोळ्यात थेंब मी घालत होते. बुधवारी संस्थेचे अध्यक्ष कमांडरसाहेब घरी येऊन शेडची एकुलती चावी घेऊन गेले, सोमवारी सकाळी आणून दिली. आता तेच सगळ्यांना सांगतात, म्हातारा आंधळा झालाय."

मावशी उठलीच. "चल ग," ती भाचीला म्हणाली. "आणि तो फोन ठेव. पोरगं आजीपाशी आहे, वाघाच्या गुहेत नाही."

शेडमध्ये शिरताच भाचीची नजर आधी वर गेली. घरात दीड वर्षांचं पोर असलं की बाईचे डोळे असेच फिरतात; काय टोचेल, काय डोक्यात पडेल. पडण्यासारखी वस्तू होतीच. छताच्या तुळईला कडी वेल्ड केलेली, कडीत चेनपुली, आणि तिला पंजाएवढा लोखंडी आकडा, थेट विमानाच्या वर.

"ही पुली इकडे-तिकडे सरकते का?" तिने विचारलं.

"ती सरकत नाही, विमान सरकतं," चिटणीस म्हणाला. किडकिडीत माणूस, काखेत वही. "दर रविवारी. एका जागी उभं राहिलं तर टायर खालून चपटे होतात. म्हणून टायरवर खडूच्या चार खुणा. दर आठवड्याला पाव फेरा पुढे किंवा मागे ढकलायचं आणि जमिनीला टेकलेल्या खुणेचा नंबर वहीत लिहायचा."

मावशीने वही मागितली. शेवटची नोंद होती: रविवार, पुढे ढकलले, खूण तीन. तिने वाकून चाकाखाली पाहिलं. तीनच होती.

"रविवारनंतर कोणी हलवलं?"

"चार जण लागतात, बाई. बैलगाडी नव्हे ही."

"आणि सोमवारी?"

"मी बाहेर नळावर होतो. आत साखळी खडखडली, ती ऐकली. बाकी त्यांचं त्यांना ठाऊक." त्याने वही परत ओढून घेतली. "गेलेलं बरंच विमान. पण जाणार तर धड जावं ना."

संस्थेच्या फोटोग्राफरने तर मिस्त्रींचं नाव निघताच तोंड वाकडं केलं. "पंखाला कोपर टेकलं तरी खेकसायचे माझ्यावर. आता कळलं का, हात कोणाचा थरथरतो? शुक्रवारी मला आतले फोटो काढायचे होते. कमांडरसाहेबांकडे चावी मागितली, दिली नाही. म्हणाले, मी स्वतः सीट साफ करतोय, कोणाची लुडबुड नको."

"रविवारी तुम्ही काच पाहिली?"

"आम्ही पंखाखाली मान घालून ढकलतो. वरचं काय दिसणार? शिडी लावल्याशिवाय काचेचा माथा दिसत नाही."

कमांडर खुर्चीतून उठले नाहीत. हे विमान त्यांनी उडवलं होतं, आणि भिंतीवरच्या सातही फोटोंत तेच होते.

"हेर म्हणे. दोन बायका," ते म्हणाले. "हे स्वयंपाकघर नाही."

"स्वयंपाकघर असतं तर कोणी फोडलं ते तेव्हाच कळलं असतं," मावशी म्हणाली. "तुमचं म्हणणं काय?"

"सोमवारी त्याने विमानाच्या पाठीवरचं मागचं झाकण उचलायला आकडा खाली घेतला. पुलीचा खटका लावायला विसरला. साखळी सुटली, आकडा काचेवर. एका डोळ्याने काम करणाऱ्याचं दुसरं काय होणार?"

"काच सोमवारच्या आधीच तडकली असेल तर?"

"अशक्य. रविवारी विमान ढकलताना आत बसून ब्रेक मी सांभाळले. खोळ मी काढली, मीच घातली. काच आरशासारखी होती. लिहून घ्या."

भाचीने लिहून घेतलं.

मिस्त्री दाराबाहेर उकिडवे बसले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी. "मागचं झाकण उचललं, बसवलं. खोळीला हात लावला नाही," ते म्हणाले. "खटका जुना आहे, हाताने दाबून बसवावा लागतो. बारा वर्षांत विसरलो नाही. मला काच बघू तरी द्या म्हटलं, तर शिडीला शिवू दिलं नाही. जा आता. तुम्ही पण त्यांचंच लिहाल."

मावशीने पर्समधून सुतळी काढली. टायरच्या कडेने दोन नंबरच्या खुणेपासून तीनपर्यंत ती ताणली आणि तिथे गाठ मारली. मग भाचीला शिडीवर चढवलं.

"काय दिसतं?"

"काचेवर चांदणी. मधोमध टिंब, चहूकडे तडे. ओरखडा नाही."

"आकडा कुठे आहे?"

भाचीने वर पाहिलं. आकडा काचेवर नव्हताच. तो काचेच्या मागे, विमानाच्या पत्र्याच्या पाठीच्या वर लटकत होता. "जरा मागे आहे. हात-दीड हात."

"हात-दीड हात कोणाचा? सुतळी धर."

भाचीने धरली, आणि गाठ कुठे आली ते सांगितलं. त्यातून काय निघतं ते मात्र तिला उमगलं नाही. खाली उतरून तिने खोळ उलटसुलट करून पाहिली. मुलाच्या दुपट्याला भोक शोधावं तशी इंच इंच पाहिली. कुठेही फाटलेली नव्हती.

चार वाजता विमानाच्या नाकासमोर खुर्च्या मांडल्या गेल्या. दहा-बारा सभासद, सगळ्यांचे चेहरे लावलेल्या दारासारखे. सून सासऱ्यांच्या मागे उभी राहिली. तिला खुर्ची कोणी दिली नाही.

"ठराव वाचा," कमांडर म्हणाले.

"आधी पाच मिनिटं माझी," मावशी म्हणाली. "आकडा पडून काच तडकली, हे कमांडरसाहेबांचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त वार चुकलाय."

"म्हणजे?"

"पुली जागची हलत नाही. आकडा पडला तर सरळ खाली पडणार. आज त्याच्या खाली काच नाही, पत्रा आहे, आणि पत्र्यावर पोचासुद्धा नाही."

"झोका खाऊन लागला असेल," फोटोग्राफर म्हणाला.

"झोका खाल्ला असता तर घासत गेला असता. ओरखडा नाही. मधे टिंब आणि गोल चांदणी, म्हणजे घाव सरळ वरून बसलाय. शिवाय सोमवारी काचेवर खोळ होती म्हणता. घाव खोळीवरून बसला असता तर खोळ फाटली असती. घाव बसला तेव्हा खोळ काढलेली होती. मागचं झाकण उचलायला खोळ काढावी लागते का हो, चिटणीस?"

"नाही," चिटणीस म्हणाला. हे बोलताना त्याने कमांडरांकडे पाहिलं नाही.

"मग काच आकड्याच्या बरोबर खाली कधी होती?" मावशीने सुतळी उंच धरली. "ही टायरवरच्या दोन खुणांमधली लांबी. रविवारी विमान एवढंच पुढे गेलं. आकड्याच्या खालून ही सुतळी पुढे धरली, की गाठ चांदणीच्या टिंबावर येते. विमान या सुतळीएवढं मागे न्या, चांदणी आकड्याखाली येईल. म्हणजे काच तडकली तेव्हा विमान दोन नंबरच्या खुणेवर उभं होतं. रविवारच्या ढकलण्याआधी. तेव्हा हे मिस्त्री घरी डोळे मिटून पडले होते."

मिस्त्रींनी पट्टी जराशी वर केली.

"त्या दिवसांत चावी एकाकडेच होती. शुक्रवारी ती मागायला गेलेल्याला सांगितलं गेलं, मी सीट साफ करतोय. ती जड सीट बाहेर काढायला पुली लागते आणि खोळही काढावी लागते. आणि त्या जुन्या खटक्याची खोड मिस्त्रींच्या हाताला माहीत, वैमानिकाच्या नाही."

"हे सगळे अंदाज आहेत," कमांडर म्हणाले.

"आतापर्यंतचे, हो. पुढचं तुमचंच आहे." तिने भाचीकडे हात केला. भाचीने वही उघडून वाचलं: "खोळ मी काढली, मीच घातली. काच आरशासारखी होती."

"रविवारी काच तडकलेली होती," मावशी म्हणाली. "शिडी चढून तिच्याखाली तुम्ही बसलात. दुसऱ्या कोणी फोडली असती तर तुम्ही तिथूनच शेड डोक्यावर घेतली असती. तुम्ही गुपचूप खोळ घातलीत आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या माणसाच्या हातात चावी ठेवलीत."

कमांडरांनी भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं या मिस्त्रीला विचारल्याशिवाय माझ्याच विमानाला हात लावता येत नाही. एक सीट काढायची होती. एक." त्यांनी खिशातून चावी काढून टेबलावर टाकली. "गैरसमज झाला. ठराव मागे घेतो. संपलं."

मिस्त्री उठले. टेबलापर्यंत आले. चावीला त्यांनी हात लावला नाही.

"तुम्ही मला आंधळा म्हणालात," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. चिटणीस, वही द्या साहेबांना. कोणी फोडली, कधी फोडली, नाव कोणाचं घेतलं, सगळं त्यांच्या हाताने लिहू दे."

चिटणिसाने वही पुढे सरकवली, वर पेनही ठेवलं. कोणी आडवं आलं नाही. कमांडरांनी तीन ओळी लिहिल्या, सही केली आणि वही मिस्त्रींकडे ढकलली.

"मला जवळचं अजून धूसर दिसतं," मिस्त्री म्हणाले. "वाचून दाखवा."

कमांडरांनी बसल्या जागी, ओठांतल्या ओठांत वाचलं.

"उभं राहून," मिस्त्री म्हणाले. "माझी सून मागे उभी आहे. तिला ऐकू आलं नाही."