आमद

दर गुरुवारी दुपारी तीन ते चार मी पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत बसते. मी हवालदार आहे, डॉक्टर नाही. बारामतीला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा सांगितलं होतं की पोलिसाचं मन पोलिसानंच ऐकावं, मध्ये बोलू नये. पहिले दोन महिने कुणी फिरकलं नाही. पोरं चेष्टेनं म्हणायची, ताईंच्या खोलीत गेलं की वेड्याचा शिक्का बसतो.

मग एका गुरुवारी आमच्यातला शिपाई मोईन आला. अकरा दिवस तो घरी गेला नव्हता, ठाण्यातच झोपत होता. त्याची बायको हीना डबा आणून द्यायची. तो डबा घ्यायचा, पण गेटाबाहेर पाऊल टाकायचा नाही.

वीज गेली होती. शेजारच्या जप्तीच्या गाड्यांचा, जुन्या पेट्रोलचा वास खोलीत भरला होता.  रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, तेव्हा मोईननं दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

अकरा दिवसांपूर्वी तो आणि त्याच्या जोडीचा शिपाई दादासो निमगाव केतकीजवळ नाकाबंदीला होते. दादासो उसाच्या ट्रॉलीखाली सापडला, जागीच गेला. हे सगळ्यांना माहीत होतं. पुढचं कुणाला माहीत नव्हतं.

आमच्याकडे माणूस कामावर निघाला की वहीत त्याची रवानगी लिहितात, परत आला की आमद. दवाखान्यातून परतल्यावर मोईननं सवयीनं लिहिलं होतं, दोघे हजर.

"दादासोची आमद म्या लिव्हली, ताई," तो म्हणाला. "तवापासनं तो हितंच हाय. मी घरी निघालो की उठून संगं येतो... माझी पोरगी ल्हान हाय, ताई."

वहीतली नोंद खोडता येत नाही. मी म्हटलं, खोडता येत नाही, पण रवानगी तर लिहिता येते.

बाहेर वहीच्या टेबलाशी ठाणे अंमलदार हिंदुराव बसले होते. त्यांनी काही न विचारता वही पुढं सरकवली. मोईननं लिहिलं, दादासो, रवाना, कळंब, राहते घरी. मग पेन थांबलं. पुढं सोबत कोण, हा रकाना होता. आमच्यात एकट्याला कुठं पाठवत नाहीत, तो रकाना रिकामा सोडायची कुणाच्या हाताला सवय नाही. त्यानं माझं नाव लिहिलं, हवालदार जयवंता.

लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो माझ्याकडे बघत राहिला.

राहू दे, मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मोईन मोटारसायकल काढून एकटा घरी गेला. मीही घरी आले, भाकऱ्या थापल्या, जेवून झोपले. दुसऱ्या दिवशी हीनाचा फोन आला. तो पोरीला कुशीत घेऊन अजून झोपलाय म्हणाली. मला बरं वाटलं.

सोमवारी दुपारी ठाण्यातला फोन वाजला. मीच उचलला. कळंबहून कुशाबाई बोलत होत्या, दादासोच्या आई. आवाज अगदी शांत होता. पोरगं गुरुवारी दिवेलागणीला आलं, म्हणाल्या. पाणी प्यालं, आत जाऊन निजलं. दमलंय, उठवत नाही मी त्याला.

मला शिकवलं होतं, मध्ये बोलू नये. मी बोलले नाही.

"त्याचं काय न्हाय, सायेब," त्यांनी आवाज खाली आणला. "त्याच्यासंगं आलेल्या बाई वसरीवर बसल्यात. चार दिस झालं, अन्नाला शिवल्या न्हाईत... नाव जयवंता सांगत्यात. त्यास्नी न्यायला कुनी येनार हाय का?"