खंडेनवमीचा सूक्ष्मदर्शक

"हात काढा! काढा म्हणते ना!"

"पुसू नका हं," तो शांतपणे म्हणाला. "आता उद्यापर्यंत हलवायचाही नाही. आज खंडेनवमी."

माझ्या सूक्ष्मदर्शकाला हळद-कुंकू! वर झेंडूचं फूल! अंगाचा नुसता तिळपापड झाला. छप्पन्न साली जळगावात भरलेलं ते मुलांचं विज्ञान प्रदर्शन. कॉलेजातून आम्ही स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. हा अभिमन, धुळ्याचा, शेजारच्या टेबलावर. तीन दिवस चोरून बघत होता, आणि चौथ्या दिवशी जवळ आला तो हे दिवे लावायला!

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुम्हीच... काल मुलांना म्हणालात ना, हेच माझं हत्यार. आमच्या वर्कशॉपात आज सगळी हत्यारं पुजतात. वाटलं, तुमचंही—"

"वाटलं! अहो, आज माझे आबा येताहेत एरंडोलहून. माझं काम बघून ठरवणार आहेत, कॉलेज चालू ठेवायचं की पाचोऱ्याच्या स्थळाला होकार द्यायचा. काय दाखवू त्यांना? झेंडू?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. उतरू दे! पुजलेल्या यंत्राला आबांदेखत हात लावायची सोय नव्हती. आजच्या दिवशी ते वखरालाही शिवत नाहीत. "शिकीसन हाईच शिकनी का?" एवढं म्हणून माझं शिक्षण तिथंच संपवलं असतं त्यांनी.

आणि दारात आबांचं पागोटं दिसलंच. मागे गावची दहा-बारा पोरं.

मी अंबाड्यातला आकडा उपसला, टोक वाकवून बारीक वेटोळं केलं, तांब्यात बुडवलं. वेटोळ्यात पाण्याचा थेंब अडकला. थेंबातून बघितलं की बारीक वस्तू मोठी दिसते, हे मीच तर रोज पोरांना सांगत होते.

"धरा हे. आणि हात हलला तर याद राखा!"

"केस..." तो पुटपुटला, "सुटलेत तुमचे."

"थेंबाकडे बघा!"

कपाशीचं पान त्याखाली धरून मी आबांना वाकायला लावलं. ते डोळा बारीक करून बघत राहिले... बघतच राहिले.

"अरे बाप! माव्याले पाय शेतस? हाऊ त चाली ऱ्हायना!"

जन्मभर कपाशी पिकवली, पण पान चिकट करणाऱ्या मावा किडीचे पाय त्यांनी आज पाहिले. मग पोरांची झुंबड उडाली. थेंब सुकायचा, अभिमन दुसऱ्या हाताने पुन्हा भरायचा. दोन तास तो हात तसूभर हलला नाही. मी रागानेच बघत होते त्या हाताकडे, पण बघत होते खरी.

"शिक तू," आबा म्हणाले. "पाचोरावालास्ले मी सांगस." मग त्यांची नजर झेंडूवर गेली. "यंत्रनी पूजा कोनी करी?"

"मी," अभिमन घाबरत म्हणाला.

"चांगला वळनना पोऱ्या शे!"

घ्या! घोळ याने घातला, निस्तरला मी, आणि कौतुक याचं!

दसऱ्यासाठी आबांबरोबर घरी निघताना मी हात पुढे केला. "माझा आकडा द्या."

त्याने तो खिशात टाकला. "उद्या देतो... दसऱ्याच्या सोन्याबरोबर. एरंडोलला आलो तर चालेल? आबांच्याही पाया पडेन."

काय हा आगाऊपणा! मला तो आवडला होता, आणि त्याचाच तर सगळा संताप होता. मी इतकी भडकले, इतकी भडकले, की एरंडोलची पहिली एसटी आठला सुटते, हे त्याला तीनदा बजावून सांगितलं.