खिडकीतलं तळं

आधी मला त्याचे बूट दिसले.

तळं बघायला म्हणून मी खिडकीचा पडदा बाजूला सारला होता. जाहिरातीतल्या फोटोत याच खिडकीतून निळंशार पाणी दिसत होतं. प्रत्यक्षात समोर होती शेवाळलेली भिंत, तिला टेकवलेली शिडी — आणि शिडीवर चिखलाने माखलेले दोन बूट.

"कोण आहे?" मी ओरडले.

बूट एक पायरी खाली आले. मग गुडघे, मग गळ्यातला कॅमेरा आणि शेवटी एक गोंधळलेला चेहरा.

"सॉरी... घर रिकामं आहे असं मालक म्हणाले होते. मी फोटोग्राफर. छपराचे फोटो काढायला आलोय."

"म्हणजे जाहिरातीतले फोटो तुमचे?"

"आवडले?" तो खुलून हसला.

"तळं कुठे आहे?"

त्याचं हसू विरलं. "तळं खरं आहे. खिडकीपण खरी आहे. फक्त दोघांचं लग्न... मालकांनी लावलं."

मला हसू आलं होतं, पण मी ते गिळलं. हसण्यासारखी परिस्थितीच नव्हती.

माझा पडदे शिवायचा धंदा. लोकांच्या खिडक्या मोजण्यात दिवस जातो, त्यामुळे सुट्टीचं घर निवडतानाही मी आधी खिडकीच पाहिली. तीही आईसाठी. तिचा एक डोळा केव्हाच गेला होता. दुसऱ्याच्या पडद्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी होतं, आणि डॉक्टर एवढंच म्हणाले होते — "प्रयत्न करू. खात्री देत नाही."

"लेक पडदे शिवते आणि आईचाच पडदा उसवला बघ," असं म्हणत आई स्वतःच हसली होती. आणि मग हळूच... "त्याआधी एकदा भरपूर पाणी बघायचंय गं."

म्हणून हे घर सुट्टीपुरतं भाड्याने घेतलं. नळाला तांबडं पाणी, गाद्यांना कुबट वास, मालकाचा फोन बंद. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे मी लोकांना सांगत आले होते. आता स्वतःच फसले होते.

"माझी आई केवढा प्रवास करून आलीये," मी म्हणाले. "तिला काय सांगू? भिंत बघ म्हणू?"

"तळं लांब नाहीये. मागचा चढ चढून पलीकडे उतरलं की आलंच. पण पावसाने वाट निसरडी झालीये..."

"तिला धड दिसत नाही हो."

शिडीवरचा त्याचा हात घट्ट झाला. "मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार! तुम्ही फक्त सुंदर असेल तेवढंच बघता."

"हो... आत्ताही तेच करतोय," तो म्हणाला, आणि लगेच त्याने जीभ चावली.

मी खिडकी धाडकन लावून घेतली. कान तापले होते. रागानेच असणार, दुसरं काय!

आईला चहा विचारायला मी मागच्या खोलीत गेले. खुर्ची रिकामी होती. कोपऱ्यातली काठी नव्हती. मागचं दार सताड उघडं, आणि बाहेर पावसाची भुरभुर.

तिने आमचं सगळं बोलणं ऐकलं होतं.

"आई!" मी अनवाणीच बाहेर धावले. तोही शिडीवरून उडी मारून माझ्यामागे आला. काय झालं, हे त्याला सांगावं लागलं नाही.

चढावर माझा पाय दोनदा घसरला. दुसऱ्यांदा त्याने मनगट धरलं आणि नंतर सोडलंच नाही. मीही सोडवून घेतलं नाही. वर पोचलो तर वाट फुटलेली — एक रुंद, उजवीकडे जाणारी, आणि एक तारेच्या कुंपणाला लागून.

"रुंद वाटेनेच गेल्या असतील," तो म्हणाला.

"नाही." माझा श्वास पुरत नव्हता. "ती घरातसुद्धा भिंतीला हात लावून चालते. ती कुंपण धरून गेली असणार."

कुंपणाच्या शेवटी चिखलात आईची एक चप्पल रुतलेली होती. एकच. त्यापुढे नुसतं पाणी.

"आई!" मी किंचाळले. तो पाण्याच्या दिशेने धावला, मी तिथेच खिळले...

"इकडे आहे मी. ओरडू नका, पाखरं उडतील."

काठावर पालथ्या घातलेल्या होडीवर आई बसली होती. पदर ओला, एक पाय चिखलाने भरलेला, काठी मांडीवर.

"अक्कल आहे का तुला?" मी तिच्या गळ्यात पडून रडत ओरडले. "काही झालं असतं म्हणजे?"

"झालं का?" ती शांतपणे म्हणाली. मग तिने समोर बोट केलं. "मला सगळं राखाडीच दिसतंय. पण मध्ये काहीतरी लकाकतंय. तेच ना गं?"

"हो. तेच."

मला वाटलं, आता हा कॅमेरा उचलणार. असा फोटो कोण सोडेल? पण त्याने कॅमेरा पाठीमागे सरकवला, आईची चप्पल पाण्यात धुतली आणि खाली बसून तिच्या पायात घातली. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्याचा फोन येऊ लागला. "काकू कशा आहेत?" एवढंच विचारायला. मग काकू बाजूला राहायच्या आणि आम्ही भलतंच काहीबाही बोलत बसायचो. फोन ठेवला की मात्र पुन्हा तोच प्रश्न. आईला दिसलं नाही तर?

सोमवारी ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं, तेव्हा तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.

"तुम्हाला आज काम नाही?"

"होतं. मित्राला पाठवलं."

"आईसाठी?"

"हो."

"फक्त... आईसाठी?"

"नाही. आत्ता हे बोलू नये, कळतंय मला. तुमचा जीव टांगणीला लागलाय. पण विचारलंत, तर खोटं बोलवत नाही. मला तुम्ही फार आवडता."

मी हातातल्या रुमालाचा बोळा करत राहिले. "आत्ता... मला काहीच सुचत नाहीये."

"नकोच सुचू दे. मी नुसता बसतो."

आणि तो खरंच नुसता बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. आईने डोळा किलकिला केला, मिटला, पुन्हा उघडला. खोलीत कुणी हलेना. ती माझ्याकडे बघत होती, की माझ्या दिशेने नुसतंच?

"अगं," आई म्हणाली, "किती वाळलीस तू!"

डॉक्टर हसले. अजून बरेच दिवस धूसर दिसेल, जपावं लागेल, असं काहीबाही सांगत होते. मी ऐकलंच नाही. मी दार ढकलून बाहेर पळाले.

बाहेरच्या खुर्चीवरून तो ताडकन उभा राहिला. "काकू?..."

मी नुसती मान हलवली, हो, हो म्हणून, आणि त्याचेच डोळे भरून आले.

"मग..." तो घसा खाकरत म्हणाला, "मी निघू आता?"

"तू कुठेही जायचं नाहीस."

'तू' कधी निसटलं, मलाही कळलं नाही. त्याला कळलं. तो बघतच राहिला.

"कोण आलंय गं बाहेर?" आतून आईचा आवाज आला. "आत आण. बघू दे मला."

मी त्याचा हात धरला. या वेळी घसरायची भीती नव्हती, तरी घट्ट धरला.

"केस नीट कर आधी," मी म्हणाले. "आई आता सगळं बघते."