एकतिसाव्या धड्याचं उदाहरण

दुपारी दीडच्या ठोक्याला कोळंबी सोलणाऱ्या साठ बायका एकदम इंग्रजी शिकत. हातमोजे काढायचे, हात धुवायचे आणि डबा उघडायच्या आधी कानामागं रुपयाएवढी एक चकती चिकटवून भिंतीला टेकायचं. कागदोपत्री त्या चकतीचं नाव होतं शब्दरोपक. बायका तिला टिकली म्हणत. डोळे मिटले की कानात एक गोड आवाज आधी शब्द सांगे, मग त्याची व्याख्या, मग एक उदाहरणवाक्य. नाइफ. कापण्यासाठी वापरायची धारदार वस्तू. आय कट द फिश विथ अ नाइफ. असे दहा शब्द, बारा मिनिटं. टिकली काढली की ते दहा शब्द जन्मभर आपले. घोकंपट्टी नाही, वहीत पाच-पाच वेळा लिहिणं नाही. शब्द मनात असा बसे की वाटावं, आईच्या मांडीवरच शिकलो होतो.

प्रांजल भाटकरला याचं कोण अप्रूप! दहावीला इंग्रजीनं तिला दोनदा बसवलं होतं. आता चाळिशीत, पडद्यावर परदेशातलं गिऱ्हाईक आलं की ती त्याला कोळंबी कशी धुतली, कशी गोठवली ते घडाघडा सांगे. सागरमोती फ्रोझन फूड्सच्या साहेबांनी ही टिकली बायकांना फुकट दिली होती. फुकट मिळालेल्या वस्तूकडं जरा निरखून बघावं, हे शहाणपण आपल्याकडं नेहमी उशिराच येतं.

टिकल्या आल्या त्या दिवाळीनंतर. त्याआधी मे महिन्यात कारखान्यात वायुगळती झाली होती. मासळी गोठवायच्या यंत्रात अमोनिया नावाचा वायू खेळवतात. तो नळीत आहे तोवर गुणाचा, बाहेर आला की डोळे आणि फुप्फुसं जाळतो. दोन नंबरच्या खोलीत नळी फुटली तेव्हा आत पाच बायका होत्या आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. बायका सारख्या लघवीला जातात, काम खोळंबतं, म्हणून मुकादम ते लावी. माणसं कोंडायला एवढं कारण त्याला पुरलं. चार बायका गेल्या. त्यात दर्शना मयेकरची थोरली बहीण हर्षदा होती. दर्शना तेवढी वाचली.

दर्शना सोलायला प्रांजलच्याच जोडीला बसे. या कामात हात गुंतलेले आणि तोंड मोकळं असतं, त्यामुळं बायका दिवसभर बोलतात. दर्शना एकच गोष्ट बोले. सहा महिने, रोज, त्याच शब्दांत. प्रांजलला ती तोंडपाठ झाली होती. चौकशी अधिकाऱ्यापुढं सुनावणी लागेल तेव्हा सगळ्यांनी मिळून कुलपाचं सांगायचं, असं बायकांचं ठरलं होतं. कंपनीचं म्हणणं एवढंच होतं की दार उघडं होतं.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात प्रांजल चुलत्याच्या तेराव्याला माहेरी गेली आणि तिचा एक धडा, एकतिसावा, बुडाला. परत आली तर दर्शना शांतपणे कोळंबी सोलत होती. गुणगुणत होती.

"सोमवारी काय काय बोलायचं ते ठरवूया गो," प्रांजल म्हणाली.

"ठरवायचं काय त्यात? ॲक्सिडेंट व्हता. दार उघडं व्हतं. सगळी धीरानं बाहेर पडली. ताई बिचारी मागं राहिली, तिचं नशीब."

प्रांजलला वाटलं, हिला कुणीतरी विकत घेतलं. तिनं दर्शनाचे हात धरून उलटे केले. दार बडवून बडवून फुटलेल्या बोटांवर वण तसेच होते. "मग हे कसलं?"

दर्शनानं हात कुतूहलानं निरखले. "काटे लागतात की कोळंबीचे," ती म्हणाली. तिच्या नजरेत लपवाछपवी नव्हती, आणि प्रांजलला भीती वाटली ती त्याचीच. तिनं शेजारच्या ओळीत विचारलं, त्याच्या पलीकडच्या ओळीत विचारलं. कुलूप ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, ज्यांनी ते दगडानं फोडलं होतं, त्यासुद्धा तेच म्हणाल्या. दार उघडं होतं. सगळी धीरानं बाहेर पडली. शब्दाचा फरक नाही, टिकलीतलं उदाहरणवाक्य म्हणावं तसं. आणि एकतिसावा धडा बुडाला होता तो एकट्या प्रांजलचा.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती रत्नागिरीला शब्दरोपण केंद्रात गेली. टिकली ज्यांनी शोधली ते डॉक्टर निरंजन घैसास तिथंच बसत. माणूस साधा होता, चहा सांगितला, आणि शास्त्राचं विचारल्यावर तर खुललाच.

"असं बघा," ते म्हणाले. "आठवण ही कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी नसते. आपण ती काढतो तेव्हा ती काही मिनिटं मऊ पडते, कणकेच्या गोळ्यासारखी. त्या वेळात तिच्यावर बोट उमटू शकतं. मग ती पुन्हा घट्ट होते, त्या बोटासकट. नुसता शब्द मनात टिकत नाही, त्याला टांगायला काहीतरी लागतं. आम्ही त्याला खुंटी म्हणतो. टिकली शब्दाच्या सगळ्यांत जवळची तुमची आठवण शोधते, मऊ करते, तिच्यावर व्याख्या आणि उदाहरण उमटवते. झालं."

"आणि आधीची आठवण?"

"ती उदाहरणाच्या खाली जाते."

"खाली जाते की मरते?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "सुरीची आठवण गेली तर कुणाचं काय बिघडतं, भाटकरबाई? अशा शंभर असतात. आजवर लाखो लोक शिकले. एकाचीही तक्रार नाही."

"जे आठवतच नाय त्याची तक्रार कशी करणार माणूस?" प्रांजलचा आवाज चढला. "एकतिसावा धडा दाखवा मला. आमच्या कारखान्याचा."

त्यांनी पडद्यावर धडा काढला. शब्द, ॲक्सिडेंट. व्याख्या, अचानक घडणारी, कोणाचाही दोष नसलेली वाईट घटना. उदाहरण, कामावर ॲक्सिडेंट झाला. दार उघडं होतं. सगळ्या जणी धीरानं बाहेर पडल्या.

"कुणी लिहिलं हे?"

"शब्द आमचे, व्याख्या आमच्या. उदाहरणं ग्राहक कंपनी भरते. रोजच्या कामातली असली की शब्द लवकर बसतो." ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. "यात गैर काय आहे? साधं वाक्य आहे."

"चार बायका कोंडून मारल्या तिथं! कुलूप लावून! आणि तुम्ही त्यांच्या बहिणींच्या डोक्यातनं ते कुलूप काढलंत, तेही इंग्रजी शिकवतो म्हणून!"

तिनं दर्शनाचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी दर्शनाची नोंद उघडली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पैकीच्या पैकी. आठवण जितकी खोल, खुंटी तितकी भक्कम." बोलल्यावर त्यांचे कान लाल झाले. शरम त्यांना होती, नाही असं नाही. पण शरमेनं गेलेलं काही परत येत नाही.

"परत द्या तिचं तिला," प्रांजल म्हणाली.

"नाही देता येत. आम्ही नक्कल ठेवत नाही." ते पुढं झुकले, आवाज खाली आणला. "एक करता येईल. तुम्ही खरं वाक्य सांगा. सोमवारच्या आत मी ते सगळ्यांच्या खुंटीवर चढवतो. दाराला कुलूप होतं, असं साठ जणी एका सुरात सांगतील."

प्रांजलच्या अगदी तोंडावर वाक्य आलं. न्याय मिळेल, मुकादम आत जाईल, साहेब जातील. मग तिच्या ध्यानात आलं की त्या साठ जणींना कुलूप आठवणार नाही, फक्त प्रांजलचं वाक्य आठवेल. आणि उद्या कुणी तिसऱ्यानं तिसरं चढवलं तर तेही आठवेल. बायकांची डोकी म्हणजे काय शाळेचा फळा आहे, की आला त्यानं पुसावं आणि लिहावं?

"माझ्या तोंडानं सांगेन मी तिला," ती म्हणाली आणि चहा तसाच टाकून उठली. "तुम्ही सोमवारी या. मला सांगितलंत ते तिथं सांगा."

डॉक्टर म्हणाले, कंपनीशी करार आहे, वकिलांना विचारून बघतो. ते आले नाहीत.

सोमवारी सुनावणीच्या खोलीबाहेर बाकावर बायका ओळीनं बसल्या होत्या. एकेक आत जाई आणि थोड्या वेळानं मोकळ्या चेहऱ्यानं बाहेर येई. खोटं बोलून आलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. दर्शनाची पाळी जवळ आली तशी प्रांजल तिच्याकडं सरकली. दीडचा धडा बुडू नये म्हणून दर्शनानं कानामागं लावून आणलेली टिकली काढायला सांगितली आणि गोष्ट सुरू केली. सहा महिने ऐकलेली, दर्शनाचीच, दर्शनाच्याच शब्दांत.

"डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. दाराकडं धावलो तर दार हलेना. बडवलं, बडवलं, बोटं फुटली. मग ताई म्हणाली, बर्फ आत ढकलायची खिडकी हाय, तिकडं चल. खिडकी उंच आणि एवढीशी. एका वेळी एकच माणूस, तेही खालून कुणी उचललं तर. ताई खाली बसली. म्हणाली, चढ माझ्या खांद्यावर. मी म्हटलं, तू आधी. तिनं माझ्या थोबाडीत मारली. जन्मात कधी मारली नव्हती. मग मला उचललं. माझं डोकं बाहेर आलं, बाहेरून प्रांजलनं हात धरले, आणि खाली माझ्या तळव्यांना ताईचे हात लागत व्हते. ढकलत व्हती. मग लागायचे थांबले."

दर्शना खिळून ऐकत होती. तिचे डोळे भरले. तिचा हात आपसूक गालाकडं गेला. प्रांजलला वाटलं, आहे, कुठंतरी खोल आहे अजून. तिनं दर्शनाचा दंड घट्ट धरला. "आठवलं ना? हर्षदाच व्हती ना ती? बोल गो!"

दर्शनानं पदरानं डोळे टिपले.

"यालाच सॅक्रिफाइस म्हणतात ना?" ती म्हणाली. "दुसऱ्यासाठी आपलं सोडून देणं. उद्याच्या धड्यात हाय तो शब्द, मी यादीत बघितलाय. त्याला उदाहरण काय देतायत कोण जाणे."

प्रांजलनं तिचा दंड सोडला. आतून शिपायानं मयेकर म्हणून हाक मारली. दर्शना उठली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, केसांवरून हात फिरवला. जाता जाता ती थांबली आणि मैत्रिणीच्या काळजीनं वाकून हळूच म्हणाली, "गोष्ट चांगली हाय तुझी. रडूच आलं मला. पण आत नको सांगू हां प्रांजल. उगाच कुणा निर्दोष माणसावर आळ येईल."