चाकोबाची खोळ

बुटांना खिळा नको, पट्ट्याला बक्कल नको, डबासुद्धा स्टीलचा नको. प्रयोगक्षेत्रात शिरण्याचे हे नियम डॉ. शाल्मली खरातनेच केले होते. त्यामुळे तिचे सहकारी, धातुतज्ज्ञ पुष्कराज दाभाडे सर, पँटला चक्क नाडी बांधून आले तेव्हा तिला हसायची चोरी झाली.

"हस हस," सर म्हणाले. "विज्ञानासाठी माणसानं काय काय सोडावं, त्याचा हा नमुना!"

दुपार कोवळ्या थंडीची होती. पायवाट सपाट कातळावरून, वाळल्या गवतातून आरामात जात होती. समोर जुना यंत्रकारखाना दिसू लागला. विटांची धुराडी शाबूत होती, भिंती उभ्या होत्या, पण खिडक्यांना गज नव्हते आणि छपराचा सांगाडाच नाहीसा झाला होता. शाल्मलीच्या जिवाणूंनी आठ महिन्यांत सगळं लोखंड फस्त केलं होतं. जिथे यंत्रं होती तिथे आता तांबूस माती होती आणि तिच्यात टाकळा उगवला होता. तिला ती जागा फार आवडायची. आजची फेरी बहुधा शेवटची, म्हणून तर दोघं आली होती.

"चल, तालीम करू," सर म्हणाले. "मी उद्याच्या सुरक्षा समितीचा अध्यक्ष. बोला बाई, तुमचे हे लोहाद जिवाणू करतात काय?"

"लोखंड खातात आणि माती मागे ठेवतात. हवेतून उडत नाहीत. लोखंडावरून आणि ओल्या मातीतून सरकतात, बस्स."

"आणि थांबतात कधी?"

"लोखंड संपलं की. उपासमारीनं मरतात."

"छान! म्हणजे गावात शिरले तर पूल संपल्यावर थांबतील?"

शाल्मलीला हाच प्रश्न छळत होता. इथे चहूकडे कोरडा कातळ होता म्हणून निभावलं. बाकी जगासाठी त्यांना अडवणारं कुंपण हवं होतं. बाजारातला एकूण एक रंग तिने लोखंडाला लावून पाहिला होता. सगळ्यांतून ते पार झाले. उद्या कुंपण दाखवता आलं नाही, तर सगळा साठा जाळायचा हुकूम निघणार होता. आठ वर्षांचं काम राख होणार होतं.

"भाकरी खाऊ आधी," सर म्हणाले. "रिकाम्या पोटी तुझे जिवाणूही मरतात."

दोघं चाकोबाच्या चौथऱ्याशी टेकली. चाकोबा म्हणजे कारखान्यातलं पहिलं दातेरी चाक. ते मोडलं तेव्हा कामगारांनी त्याचा देव केला. दर खंडेनवमीला त्याला तेल-शेंदूर लागे, आणि निवृत्त होणारा कामगार आपला पाना त्याच्या अंगावर ठेवून जाई. शेंदराचे थर चढून चढून दातेही बुजले होते.

भाकरीचा घास शाल्मलीच्या हातातच राहिला.

"सर, सगळं लोखंड गेलं, पण चाकोबा अजून आहे! इतक्या फेऱ्यांत हे लक्षातच आलं नाही."

सर ताडकन उठले. "शेंदूर! अगं, शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. पूर्वी लोखंडी पुलांना पहिला हात शेंदराचाच देत. रंगांतून शिसं हद्दपार झालं, म्हणून तुझ्या यादीत ते आलंच नाही."

तिने पाने अलगद बाजूला काढले आणि नमुन्यासाठी चाकाला हात घातला. प्रयोगाच्या आरंभी दोघांनी जोर लावूनही ते हललं नव्हतं. आता ते टोपलीसारखं वर आलं. आत काहीच नव्हतं. बोटभर जाडीची नुसती शेंदराची खोळ, आणि चौथऱ्यावर मूठभर तांबूस माती.

"खाल्लं," ती पुटपुटली. "यालाही खाल्लं."

ती चौथऱ्यावरची माती बोटाने चिवडू लागली. सरांनी खोळ उलटी करून पाहिली.

"बुडाला शेंदूर नाही," ते म्हणाले. "बसलेल्या देवाच्या बुडाला कोण कशाला शेंदूर फासेल? चौथऱ्याच्या ओलीतून तिथूनच शिरले."

शाल्मलीने मान वर केली. तिची नजर बाजूला काढलेल्या पान्यांवर गेली. गंजलेले, पण अख्खे. एकालाही रंग नव्हता.

"सर, आत ते उपासमारीनं मेले," ती सावकाश म्हणाली. "आणि बोटभर अंतरावर, वर, हे एवढं ताट वाढलेलं होतं."

सर इतक्या मोठ्यांदा हसले, की धुराड्यातली कबुतरं उडाली.

"शिसं विषारी आहे बरं," ते डोळे पुसत म्हणाले. "समिती त्यावरून धारेवर धरेल."

"धरू दे की. शिशातलं नेमकं काय त्यांना अडवतं ते शोधून दुसरं काही बनवू. पण अडवता येतात, हे तर उद्या दाखवता येईल!"

तिने नमुन्यापुरता कपचा काढला, एक पाना सोबत घेतला, खोळ होती तशी बसवली आणि बाकीचे पाने परत वर मांडले. मग चपापून इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. देवळात आईने कितीही डोळे वटारले तरी ती कधी वाकली नव्हती.

"अगं, आत देव नाही आता," सर म्हणाले. "पाया कुणाच्या पडतेस?"

"शेंदराच्या," शाल्मली म्हणाली, आणि उरलेली भाकरी तिने मन लावून खाल्ली.