एकोणीस मिनिटांची बॅच

तुम्हाला पटो न पटो, पण हे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीसोबत घडलंय. रविवार होता. भर दुपार.

ताई एका मोठ्या लॅबच्या सर्व्हर रूममध्ये काम करते. दिवसभराच्या लाखो तपासण्यांच्या नोंदी एकदम जुळवून रिपोर्ट काढायचे, याला ते बॅच म्हणतात. जुना डेटाबेस सर्व्हर पार थकला होता. बॅच रखडायची, पेशंट ताटकळायचे. म्हणून दोन नवे सर्व्हर ट्रायलला आले होते. एक निवडून सोमवारी कळवायचं होतं.

तीन आठवडे ताईला धड झोप नव्हती. सोबतीला सहकारी होता. त्याला सगळे लंबू म्हणतात.

पहिल्या सर्व्हरने बॅचला तीन तास घेतले. ठीकठाक.

दुसऱ्याने... एकोणीस मिनिटं.

ताईने नोंदी पडताळल्या. एकही चूक नाही.

"पुन्हा लाव रे."

पुन्हा एकोणीस.

"आता आणखी काय हवंय तुला? सही कर आणि घरी जाऊन झोप काढ," म्हणत लंबूने उगाच तिसऱ्यांदा बॅच लावली.

ताईने पेन उचललं... आणि थबकली.

एवढ्या कामात सर्व्हरचे पंखे नुसते घोंघावतात. हा गप्प होता. स्क्रीनवर त्याचा लोड... शून्य.

मग घोंघावतंय काय?

आवाज मागून येत होता. जुन्या सर्व्हरमधून.

"लंबू, तो बंद केलास ना?"

"अगं, सकाळीच. वायरसुद्धा काढली."

वायर टेबलावर होती. गुंडाळलेली.

ताईने जुन्या सर्व्हरवर हात ठेवला. चटका बसला.

एकोणिसाव्या मिनिटाला पंखे थांबले. आणि आतून आला... एक सुस्कारा. फार दमलेल्या माणसाचा.

लंबूनेही ऐकला. दोघं तडक बाहेर पडले.

ताईने पहिला, संथ सर्व्हर निवडला. साहेबांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं.

दुसरा परत न्यायला कंपनीचा माणूस आला. कागदावर सही घेताना हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्हीपण ऐकलंत का? हा परत करणारं हे चौथं ऑफिस. कारण कुणीच लिहून देत नाही."

परवा मी दुसऱ्याच एका लॅबमध्ये रक्त तपासायला दिलं. खुर्चीत नीट टेकतोय तोवर रिपोर्ट हातात!

"नवा सर्व्हर आलाय आमच्याकडे," काउंटरवरच्या बाई कौतुकाने म्हणाल्या.

पाकीट घरी आणलंय. अजून उघडलेलं नाही.

ताईलाही सांगितलेलं नाही.