पाय टेकला

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगतो.

या पेजवरचे बहुतेक अनुभव मध्यरात्रीचे असतात. माझा भर दिवसाचा आहे. ऑक्टोबरचा तिसरा रविवार, सव्वाचार वाजलेले, लख्ख उजेड. भूतबीत काही दिसलं नाही. दिसलं असतं तर निदान बोट तरी दाखवता आलं असतं.

खोटं वाटलं तर खुशाल सोडून द्या. मीही दोन वर्षं तेच करायचा प्रयत्न करतोय.

मी नकाशे काढायच्या ऑफिसात काम करतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघंजण डोंगरावरच्या पठारावर जायचो आणि गुहांची नवी तोंडं शोधायचो. पठार चुनखडीचं आहे. वरून सपाट, आतून पोखरलेलं. गवतात, खडकांच्या फटीत भोकं असतात. कुठलं दोन हातांवर संपतं, कुठलं शंभर मीटर खाली जातं. वरून काही कळत नाही.

आमच्यात सर होते, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. एक मेकॅनिक होता. मी होतो. आणि बारक्या.

बारक्या म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. वय एकोणतीस, धंदा इलेक्ट्रिशियनचा, अंगकाठी अशी की कुठल्याही फटीत घाला, दुसऱ्या बाजूने शिट्टी वाजवत बाहेर येईल. मला दाजी म्हणायचा. आईवडील लवकर गेल्यामुळे हिनेच त्याला लहानाचा मोठा केला. डोंगरावर निघताना ती दर वेळी मला एकच सांगायची, त्याच्याकडे लक्ष ठेव.

कामाची पद्धत ठरलेली होती. तोंड सापडलं की त्यावर टिश्यू पेपरची पट्टी धरायची. पट्टी हलली तर आत हवा खेळतेय, म्हणजे खाली मोठी जागा असणार. मग एक दगड टाकायचा आणि आवाज येईपर्यंत आकडे मोजायचे. मग दोराने उतरायचं. तळ लागला आणि पुढे वाट नसली, तर शेजारच्या खडकावर लाल रंगाने नंबर आणि फुली.

लाल फुली म्हणजे बंद. तिथे पुन्हा कुणी वेळ घालवायचा नाही.

म्हणून सर फुलीच्या बाबतीत फार कडक होते. त्यांच्या वहीत एक रकानाच होता... ‘पाय टेकला’. तळाला स्वतःचा पाय टेकला असेल तरच तिथे ‘हो’ लिहायचं. नाहीतर रकाना रिकामा आणि फुली नाही.

त्या रविवारी मला सत्तेचाळिसावं तोंड सापडलं.

दिवसभर चालून गुडघा ठणकत होता. एकट्याने उतरायचं नाही हा नियम, म्हणून मी बारक्याला हाक मारली. तो पलीकडच्या उतारावर दोर गुंडाळत होता. तिथूनच ओरडला, “दाजी, आलोच. थांबा.”

मी थांबलो नाही.

पट्टी धरली. हलल्यासारखी वाटली. वारा असेल म्हटलं. दगड टाकला. टप्प. लगेच आवाज आला. चार मीटर असेल फार तर. असली चार-चार मीटरची भोकं सकाळपासून सहा बघितली होती. मी वही काढली आणि लिहिलं. नंबर सत्तेचाळीस. खोली चार मीटर. बंद. पाय टेकला, हो.

आणि फुली मारली.

बारक्या धापा टाकत आला तेव्हा मी ब्रश पुसत होतो. म्हणालो, बंद आहे, उतरून आलो. तो म्हणाला, एवढ्यात? मग त्याने माझ्या पॅंटकडे पाहिलं. गुडघ्यांवर चिखलाचा ठिपकाही नव्हता.

तो नुसता हसला. सरांना काही बोलला नाही. तो तसाच होता. दुसऱ्याची चोरी पकडली तरी पोटात ठेवायचा.

ती गोष्ट मी विसरून गेलो.

अकरा महिन्यांनी आम्ही त्याच भागात होतो. दुपारचा चहा झाला होता. मी आणि सर नकाशा पसरून बसलो होतो. बारक्या उठला आणि मला म्हणाला, “एक जुनं काम उरकून येतो, दाजी. अर्ध्या तासात.” कुठलं काम ते मी विचारलं नाही. त्याचा दोर तिथेच त्याच्या सॅकवर होता.

वीस मिनिटांत धुकं आलं. पठारावर येतं तसं, अचानक. तीन हातांवरचं दिसेना.

आम्ही हाका मारल्या. शिट्ट्या वाजवल्या...

काही नाही.

अर्धा तास झाला. दोन तास झाले. बारक्या परत आला नाही.

सकाळी बचाव पथक आलं. तीस माणसं, दोन कुत्री. रात्री पडलेल्या पावसाने सगळा माग धुऊन गेला होता. सरांनी त्यांना वही दिली आणि सांगितलं, पोराचा दोर इथेच आहे, म्हणजे तो खोल तोंडात उतरलेला नाही. कड्याखाली बघा, उघड्या तोंडांत बघा, लाल फुल्यांमध्ये वेळ घालवू नका. तिथे प्रत्येक ठिकाणी आमच्या माणसाचा पाय टेकलाय.

मी शेजारीच उभा होतो. सत्तेचाळीस नंबर आठवला. पण एकसष्ट फुल्या होत्या. त्यातलं नेमकं तेच कशाला असेल, अशी मी मनाची समजूत काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पथकाचा प्रमुख आणि मी सत्तेचाळीसजवळून जात होतो. तो थांबला. फुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हे कुणी बघितलंय?”

सर मागेच होते. मेकॅनिक होता. त्यांच्यासमोर खरं सांगायचं म्हणजे अकरा महिन्यांचं खोटं उघडं करायचं. आणि खाली काही निघालं नसतं, तर फुकट नाक कापलं जाणार होतं.

एवढाच विचार केला मी. माणसाचा जीव टांगणीला आणि मी माझं नाक सांभाळत होतो.

“मी स्वतः उतरलोय,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि पुढे निघाला. मी दोन पावलं टाकली आणि...

ठक.

ठक.

ठक.

दगडावर दगड. बारीक. खोल.

आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. एक ठोका म्हणजे थांबा. दोन म्हणजे वर ओढा. तीन म्हणजे पाय टेकला, पुढच्याने यावं.

मी वळून पाहिलं. बाकीचे चालतच होते. कुणाची मानही हलली नव्हती. पलीकडे कुणीतरी खुंटी ठोकत असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्यांच्या मागे गेलो.

तेव्हा तो जिवंत होता का? हा प्रश्न मी रोज सकाळी दात घासताना स्वतःला विचारतो. उत्तर कुणाकडेच नाही.

पाचव्या दिवशी शोध थांबला. घरी आलो तर ही दारातच उभी होती. माझ्या मागे जिन्यात कुणी येतंय का ते वाकून बघत होती. मग म्हणाली, “सगळीकडे बघितलंत ना?”

मी हो म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हो म्हणालो.

तीन आठवड्यांनी तिने बारक्याची खोली आवरली. त्याची खिशातली छोटी वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, तुमच्या कामाचं काहीतरी आहे, मला नाही कळत.

शेवटच्या पानावर तो गेला त्या दिवसाची तारीख होती. खाली त्याच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं.

‘४७. दाजींचं. ४ मी., दोर नको. सर बघायच्या आत पाय टेकून येणे.’

वही मिटली तरी अक्षरं दिसत होती.

मी उतरलो नव्हतो हे त्याला ठाऊक होतं. माझी लाज राखायला गेला होता तो. पण माप तरी मी नीट घेतलं असेल, एवढा त्याचा माझ्यावर विश्वास होता. चार मीटर म्हणजे त्याच्यासाठी घराचा जिना. त्याला कुणी दोर घेतं का?

ही विचारत होती काय लिहिलंय. मी म्हटलं, कामाचे आकडे आहेत.

पुढच्या रविवारी सरांना घेऊन वर गेलो. त्यांना खरं कारण सांगितलं नाही. एक माप पुन्हा तपासायचंय, एवढंच म्हणालो. सरांनी वर दोर धरला. मी उतरलो. दोराची कडी दोनदा हातातून निसटली.

एक मीटर. दोन. तीन.

चौथ्या मीटरला माझा पाय टेकला.

खाली सलग खडक होता. मी गुडघ्यावर बसलो. चारी बाजूंनी हात फिरवला. फट नाही, भेग नाही, बोट जाईल एवढी जागा नाही. बारक्याची काही खूण नाही. हातोडीने ठोकून बघितलं, भरीव आवाज आला. सरांनी वरून टेप सोडली. बरोबर चार मीटर.

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, मी तिथे बसून रडलो. खोटं लिहिलं होतं, पण निघालं खरं. तो इथे नव्हता. मी त्याला मारलं नव्हतं.

वरून सर म्हणाले, “तुझं माप चोख होतं. उगाच आलो.”

बोलताना त्यांच्या बुटाखालचा एक खडा सुटला. माझ्या कानाजवळून गेला. मी खाली बघत होतो. दिव्याचा उजेड सरळ खडकावर होता.

खडा पडल्याचा आवाज आला नाही.

सवयीने मी मोजायला लागलो. एक... दोन... तीन... चार... पाच...

टक.

माझ्या पायांखालून. खूप खालून.

मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग...

ठक. ठक. ठक.

मी वर कसा आलो ते आठवत नाही. सरांना काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी वही उघडून सत्तेचाळीसपुढे पुन्हा ‘हो’ लिहिलं आणि खाली सही केली. आता तिथे दोनदा पाय टेकलेला आहे. आता तिथे कुणीही, कधीही बघणार नाही.

मी उतरलो नव्हतो तेव्हा तिथे खाली काय होतं? माझ्या मनाला एकच गोष्ट खाते. ते तोंड उघडं होतं. मी फुली मारली म्हणून ते बंद झालं... तो आत असताना.

खाई त्याला खवखवे म्हणतात. जानेवारीत मला असह्य झालं. एका दुपारी हिला समोर बसवून सगळं सांगितलं. पट्टी हलली होती तिथपासून ठोक्यांपर्यंत, वहीतल्या ओळीसकट. वाटलं होतं आकांत करेल, घर सोडून जाईल. ती बराच वेळ टेबलावरचे बिस्किटांचे कण गोळा करत राहिली.

मग म्हणाली, “तो म्हणाला होता ना, आलोच, थांबा?”

“हो.”

“मग जा आणि थांब.”

तेव्हापासून आम्ही दोघं दर रविवारी वर जातो. सत्तेचाळीसच्या कडेला बसतो. ती थर्मासमधला चहा ओतते. तीन कप. सव्वाचार वाजून गेले की उतरतो. ती माझ्याशी नीट बोलते, जेवायला वाढते, पण माझ्याकडे बघत नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ठोके मला दर वेळी ऐकू येतात. तिला येतात का, हे विचारायची मला भीती वाटते. एवढंच पाहिलंय की तिसऱ्या ठोक्यानंतर ती कप खाली ठेवते.

आज शनिवार. सकाळी बाल्कनीत गेलो तर कपडे वाळत घालायची दोरी नवीन बांधलेली दिसली.

मी गाठीकडे बघतच राहिलो.

आम्ही कड्यावर दोर बांधतो ती गाठ. पण उलटी. बारक्या डावखुरा होता, त्याच्या गाठीचं शेपूट नेहमी उलट्या बाजूला यायचं. सर त्यावरून त्याला दर वेळी बोलायचे. अशी गाठ दुसरं कुणी मारत नाही.

हिला साधी बुटाची नाडीही धड बांधता येत नाही. बारक्या तिला त्यावरून चिडवायचा.

मी विचारलं, ही गाठ कुणी शिकवली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली,

“बारक्याने.”

तिने एक शर्ट घडी करून ठेवला, दुसरा उचलला.

“म्हणाला, दाजींना नको विचारूस. ते घाई करतात.”

उद्या रविवार आहे. तिचे बूट दारात आहेत. नवे. हे कधी आणले मला माहीत नाही.

घरातला सगळा दोर मी दुपारी ऑफिसात नेला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. परत येऊन हे लिहायला बसलोय. पलीकडच्या खोलीत ती गाणं गुणगुणतेय. कितीतरी महिन्यांनी.

पण चार मीटरला दोर लागत नाही, हे तिला माहीत आहे.

ते मीच लिहून ठेवलंय.